मोरसास गेलेले आपले लोक

आमच्या लहानपणी घरात साखरेला 'मोरस' म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमची आजी. रोजचा तो गूळ, आणि पाहुण्यांच्या चहासाठी डब्यात जपून ठेवलेली पांढरी साखर ती मोरस. हा शब्द कोठून आला हे तिला ठाऊक नव्हते. पुढे मास्तरकीच्या काळात एका जुन्या कोशात उलगडा झाला, की मोरस म्हणजे मॉरिशस बेट, आणि तेथून जहाजाने मुंबईस उतरणारी साखर ती मोरस साखर. परंतु आजीच्या तोंडी हा शब्द वर्षातून एकदा निराळ्या अर्थानेही येत असे. सर्वपित्री अमावास्येस पितरांची पाने मांडून झाली, की एक पान ती जरा बाजूस मांडी आणि म्हणे, "हे मोरसास गेलेल्याचे." कोण गेला, केव्हा गेला, परत का आला नाही, यांपैकी काही तिला सांगता येत नसे. तिच्या सासूने मांडले म्हणून ती मांडी.

हे सारे आज आठवण्याचे कारण मंडळाची गेल्या वर्षीची सर्वसाधारण सभा. शैक्षणिक निधीतून परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींना बिनव्याजी कर्ज द्यावे काय, असा प्रश्न निघाला. एक पक्ष म्हणाला, जो जातो तो परतत नाही. मग ज्ञातीचा पैसा त्याच्या पाठीशी का लावावा? दुसरा म्हणाला, येथे राहून तरी त्यांच्या हाती काय लागते? आवाज चढले आणि ठराव पुढील सभेवर गेला. आम्ही त्या दिवशी गप्प बसलो होतो, कारण उभयपक्षी बोलणारी मंडळी जणू परदेशगमन ही कालपरवाची गोष्ट आहे अशा थाटात बोलत होती. वास्तविक आपल्या कोकणातून माणसे समुद्र ओलांडू लागली त्यास पावणेदोनशे वर्षे होऊन गेली.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. मॉरिशसमध्ये त्याचा अंमल १८३५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. गुलामांच्या मालकांना भरपाई मिळाली, गुलामांना कवडीही नाही. उसाचे मळे तर उभे होते. त्यांत राबणार कोण? हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची युक्ती तेव्हा निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. या व्यवहारातील अत्याचारांविषयी ओरड झाल्यामुळे १८३९ साली तो थांबविण्यात आला आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून पुन्हा खुला झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर गेली. त्यांत बिहारकडील लोक सर्वांत अधिक, मद्रासकडील त्याखालोखाल, आणि मुंबईहून गेलेले थोडे. हे थोडे म्हणजेच रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरील सातारा या भागांतील कुणबी, मराठे, महार आदी लोक. मुंबईच्या जहाजातून आले म्हणून तेथे त्यांस 'बंबई' हेच नाव पडले.

ही माणसे का गेली? दलालाने फसविले, असे सांगण्याची रीत आहे. दलाल फसवीत होते हे खरेच. पण फसण्यास तयार असलेली इतकी माणसे कोकणात कोठून आली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा खोती होती; ती कायद्याने गेली १९४९ साली. कुळाने वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवावी, पिकाचा मोठा वाटा खोताच्या वाड्यावर पोचवावा, वर वेठ करावी. घरातील चौथ्या भावाला त्या तुकड्यावर पोटभर खाण्याचीही सोय नसे. अशा माणसास कोणी सांगितले, की महिना पाच रुपये रोख मिळतील, तांदूळ, डाळ व मीठ निराळे, आणि पाच वर्षांनी परत येता येईल, तर त्याने समुद्राचे भय किती धरावे? समुद्र ओलांडला की ज्ञात बुडते असे सांगणारे गावात होते. त्याचे पोट मात्र कोणी भरीत नव्हते.

तेथे काय वाट्यास आले त्याचीही नोंद आहे. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापीत. यालाच 'डबल कट' म्हणत. आजारी पडलेल्या मजुराचा महिना या हिशेबाने कोरडाच जाई. १८५० च्या दशकात मोफत परतीचा हक्क काढून घेण्यात आला. १८६७ साली मलेरियाच्या साथीने हजारो माणसे नेली. त्याच वर्षीच्या कायद्याने करार पुरा केलेल्या जुन्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना बाळगण्याची सक्ती झाली. परवाना जवळ नसला की भटक्या म्हणून तुरुंग. अखेर १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाच्या साह्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला, आणि त्यातून चौकशीसाठी शाही आयोग आला. अक्षरशत्रू म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांचा हा अर्ज आम्हांस त्या बेटाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा कागद वाटतो.

गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परत आले. उरलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून 'तेथे बरे की येथे बरे' याचे उत्तर देता येत नाही. १८७० नंतर साखरेचे भाव पडू लागले तसे मळेवाले कडेची जमीन तुकडे पाडून विकू लागले, आणि पै-पै साठविलेल्या जुन्या मजुरांनी ते तुकडे घेतले. ज्या नातवाच्या आजोबास कोकणात कूळ म्हणूनही थारा नव्हता, तो तेथे उसाच्या दोन-चार एकरांचा धनी झाला. हा बदल घडण्यास चाळीस-पन्नास वर्षे लागली. म्हणजे जो गेला त्याने भोगले, आणि सुख मिळाले ते त्याने न पाहिलेल्या नातवाला. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले तेव्हा पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या एका मजुराचेच पुत्र होते. १९७७ पासून तेथे माध्यमिक शिक्षण मोफत आहे आणि दरडोई उत्पन्न आपल्या कितीतरी पट आहे. मराठी मूळ सांगणारी मंडळी लोकसंख्येत शेकडा दोनच्या आसपास असतील. घरात बोली क्रिओल, पण शाळांत मराठी शिकविली जाते. गणेशचतुर्थीस सरकारी सुट्टी असते. आणि आपली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने अजून नाचतात. एक गोष्ट ज्ञातिमंडळाच्या अंकात लिहिणे कदाचित काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. जहाजात एका भांड्यातले जेवल्यावर त्या लोकांत शिवाशीव पूर्वीसारखी उरली नाही.

मुंबईतून मॉरिशसला जाणाऱ्यांचा ओघ पुढे आटला. कोकणी माणूस घरीच सुखी झाला म्हणून तसे झाले, असे मात्र नव्हे. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, त्याआधी आगगाडी आली होती, आणि गोदीलाही हात हवे होते. रोख मजुरी जवळ मिळू लागली तशी बोटीची दिशा बदलली, इतकेच. गिरणगावातील खोल्यांत जे आपले वाडवडील राहिले तेही त्या मोरसकराचेच भाऊ. त्यांस परदेशी गेलेले म्हणून कोणी नावे ठेवीत नाही, याची आम्हांस गंमत वाटते.

या करारी मजुरीविरुद्ध कायदेमंडळात ज्यांनी आवाज उठविला ते नामदार गोखले आपल्या गुहागर तालुक्यातील कोतळूकचे, आणि काही काळ शिक्षक. १९१० साली नाताळकडे मजूर पाठविणे थांबवावे हा त्यांचा ठराव मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धतच समूळ बंद करावी असा ठराव त्यांनी आणला. बाजूने २२ मते पडली आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला. १९१५ साली ते वारले. भरती थांबली ती १९१७ साली. गोखल्यांचा मुख्य मुद्दा असा होता, की एका बाजूस दरिद्री व निरक्षर माणूस आणि दुसऱ्या बाजूस मुरलेला दलाल असता त्यांच्यामधील कागदास करार म्हणता येत नाही.

हा मुद्दा आम्ही वर्गात अनेकदा शिकविला, आणि स्वतः मात्र विसरलो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी आखातातील नोकरीचा करार घेऊन घरी आला. "गुरुजी, तेवढा वाचून बघा," म्हणाला. कागद इंग्रजीत, अक्षर बारीक. आम्ही पहिले पान वाचले, पगाराचा आकडा पाहिला आणि "जा, कल्याण होईल," असे म्हणून पेढा खाल्ला. वाहनचालक म्हणून गेलेल्या त्या मुलास तेथे गोदामात ओझी वाहावी लागली. पारपत्र मालकाने ठेवून घेतले. मालक बदलण्याची मुभा नाही, हे कलम दुसऱ्या पानावर होते. वडिलांनी कलमांची बाग गहाण टाकली होती. तो अकरा महिन्यांनी परतला तेव्हा कर्ज तसेच होते. त्याने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि आम्हांस वर पाहवत नाही.

त्याचाच धाकटा भाऊ आय.टी.आय. करून पाच वर्षांनी तिकडे गेला. पहिल्या मालकाशी पटले नाही, तेव्हा करार संपवून दुसऱ्याकडे लागला. आज त्यांचे जांभ्या दगडाचे घर गावात उभे आहे. देश तोच, ऊन तेच, समुद्रही तोच. फरक इतकाच, की धाकट्यास काम सोडता येत होते. मोरसच्या मजुरांचे दिवसही तेव्हाच पालटू लागले, जेव्हा मळ्याबाहेर त्यांच्या पायाखाली स्वतःची जमीन आली. अमेरिकेत उंच इमारतीत बसणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लागू आहे. तेथील कामाच्या व्हिशावर असता नोकरी गेली, तर बहुधा ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर घर मोडून निघावे लागते. पगार मोठा म्हणून दोर दिसत नाही, पण दोर असतो.

आपल्या १९८३ च्या परदेशगमन कायद्याखालील नियमांत मॅट्रिक झालेल्यास विशेष परवानगीची गरज पडत नाही. मॅट्रिक झालेला माणूस करार वाचू शकतो, असे सरकारने गृहीत धरले आहे. आम्हीही मॅट्रिक आहोत.

तेव्हा निधीसंबंधी आमचे मत असे. कर्ज द्यावे, परतण्याची अट घालू नये. आपण परतीची अट घालू लागलो तर तोही एक करारच होईल. मात्र पैसा देण्यापूर्वी मंडळाच्या वकील सभासदांनी त्या मुलाचे सर्व कागद शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यास मराठीत समजावून सांगावेत, आणि ही सोय आखाती नोकरीस जाणाऱ्या गवंडी-सुतारांसही फुकट असावी. पुढील सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत.

आणखी एक विनंती. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. नाव, बापाचे नाव, ज्ञात, वय, उंची, अंगावरील खूण आणि गाव इतके त्यांत लिहिलेले असते. १८६० नंतरच्या काहींची छायाचित्रेही आहेत. शोध घ्यावयाचा तर निदान नाव हवे. आमच्या घरच्या त्या पानाचे नाव आजीबरोबर गेले, किंबहुना तिच्याही आधी गेले असावे. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी मोरसास गेलेल्या कोणाचे नाव व गाव एखाद्या वृद्धाच्या स्मरणात असेल, त्यांनी ते लिहून मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. कार्यालय रविवारी सकाळी दहा ते बारा उघडे असते, आणि त्या वेळी आम्ही तेथे असतो.