शाळेतील संसर्गजन्य आजारांची चाचणी : कोणाची, कधी आणि कशासाठी?

शाळेत एखाद्या मुलाच्या अंगावर पुरळ उठली किंवा एखाद्या सरांचा अहवाल पॉझिटिव्ह आला, की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच विचारलं जातं, "कोणाचा मुलगा? कोणते सर?" नाव कळून कोणाचाच बचाव होत नाही. चाचणी कशी होते, अहवालाचा अर्थ काय आणि मुलाला घरी किती दिवस ठेवायचं, हे कळलं तर मात्र होतो. त्यासाठी ही माहिती.

2020 मध्ये काय झालं?

कोरोनामुळे मार्च 2020 मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून सुरू करायला राज्य सरकारने परवानगी दिली. त्याआधी, 17 ते 22 नोव्हेंबर या काळात शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आरटीपीसीआर चाचणी करून घ्यायची होती. विद्यार्थ्यांना ही चाचणी सक्तीची नव्हती. त्यांचं तापमान थर्मल गनने तपासायचं, एका बाकावर एकच मूल बसवायचं आणि पालकांचं लेखी संमतीपत्र घ्यायचं, असा नियम होता. पुढे पाचवी ते आठवीचे वर्ग 27 जानेवारी 2021 पासून सुरू झाले.

शाळा उघडायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला होता. त्यामुळे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात ग्रामीण भागातल्या शाळांना मुभा मिळाली, पण शहरातल्या शाळा 3 जानेवारी 2021 पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय महापालिकेने घेतला.

आधी शिक्षकच का?

एक शिक्षक दिवसभरात चार-पाच वर्गांत जातो. मोठ्या माणसांमध्ये मधुमेह, रक्तदाब यांचं प्रमाण जास्त, त्यामुळे त्यांना कोरोनाचा धोकाही जास्त. शिवाय शेकडो मुलांपेक्षा वीस-पंचवीस कर्मचाऱ्यांची तपासणी लवकर उरकते.

पण चाचणी म्हणजे त्या दिवसाचा फोटो. आज निगेटिव्ह आलेला माणूस परवा बाधित होऊ शकतो. नोव्हेंबरचा अहवाल जानेवारीत दाखवला तर तो नुसता कागद. म्हणून एकदा चाचणी झाली की काम संपलं, असं समजू नये. लक्षणं दिसताच घरी थांबणं, खिडक्या उघड्या ठेवणं आणि गरज पडली तर पुन्हा चाचणी करणं हेही तितकंच महत्त्वाचं.

वसतिगृह आणि निवासी मदरसे

फेब्रुवारी 2021 मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या देगाव इथल्या निवासी शाळेत 229 विद्यार्थी पॉझिटिव्ह आढळले. एकत्र जेवण, एकत्र झोपणं असलं की साथ अशीच पसरते. आपल्या निवासी मदरशांनीही हे लक्षात ठेवावं. आजारी मुलासाठी एक वेगळी खोली, वेगळा टॉवेल आणि ताट, सुट्टीवरून परतणाऱ्या मुलांची विचारपूस, एवढी व्यवस्था आधीपासून हवी. साथ असलेल्या ठिकाणी जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही हदीसमधली शिकवण आपल्याला नवी नाही.

कोणत्या आजारात काय करायचं?

कोरोना : अँटिजेन चाचणीचा निकाल अर्ध्या तासात मिळतो, पण लक्षणं असून ती निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करणं चांगलं.

गोवर : निदान रक्ताच्या नमुन्यावरून होतं. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत लागण होऊ शकते, म्हणून पुरळ उठल्यावर किमान चार दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. घरातल्या लहान मुलांचे लसीचे दोन्ही डोस झालेत का, ते कार्डवर बघून घ्यावं.

क्षयरोग (टीबी) : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा ताप असेल तर तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गाठींचा टीबी सहसा पसरत नाही, तो फुप्फुसाचा पसरतो. औषध नीट सुरू झालं की साधारण काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा मूल शाळेत परत जाऊ शकतं. गोळ्यांचा कोर्स मात्र अर्धवट सोडू नये.

कांजिण्या आणि डोळे येणे : यात सहसा चाचणी लागत नाही. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावं. डोळे आले असतील तर हात धुणं आणि रुमाल वेगळा ठेवणं.

रोजा असेल तर?

नाकातून स्वॅब घेतल्याने रोजा तुटत नाही, असं 2021 च्या रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी स्पष्ट केलं होतं. तरी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं किंवा इफ्तारनंतरची वेळ घ्यावी. त्यासाठी चाचणी टाळू नये.

नाव गुप्त का ठेवायचं?

2020 मध्ये आजारासोबत बदनामी कशी येते, हे आपल्या समाजाने भोगलं आहे. नगर जिल्ह्यात तबलीगी जमातच्या 29 परदेशी नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी रद्द केले. साथीच्या काळात या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याचं दिसतं, असं मत न्यायालयाने त्या वेळी नोंदवलं.

ज्याला बदनामीची भीती वाटते, तो आजार लपवतो आणि तपासणीला येत नाही. नुकसान मग सगळ्या वर्गाचं होतं. म्हणून अहवाल पालक, शाळेतली जबाबदार व्यक्ती आणि आरोग्य विभाग यांच्यापुरताच राहावा. इतर पालकांना "तुमच्या मुलाच्या वर्गात गोवरचा एक रुग्ण आहे, लसीकरण तपासा" एवढं कळवलं तरी पुरे. नमुना घेण्याआधी पालकांना सांगून त्यांची संमती घ्यावी. निगेटिव्ह अहवालाशिवाय परीक्षेला बसू देणार नाही, असं कोणी सांगितलं तर लेखी आदेश मागावा.

आणि घरात मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी : आजारी दोस्ताला चिडवायचं नाही. तो बरा होऊन परत आला की त्याला वहीतला राहिलेला अभ्यास द्यायचा आणि शेजारी बसवून घ्यायचं.