तलवार चाळीस किलोची नव्हती

शिवजयंती आली की मोबाइलवर तो मेसेज फिरतोच : महाराजांची तलवार ४० किलोची होती. यंदा वक्तृत्व स्पर्धेत एका पोरानं तेच ठासून सांगितलं, टाळ्याही पडल्या. परीक्षक मी होतो. गप्प बसलो, कारण पंधराएक वर्षांपूर्वी एका पुरवणीत असाच आकडा मीच छापला होता.

सिमेंटचं पोतं ५० किलोचं. त्यात दहा किलो कमी, एवढं वजन एका हातात धरून घोड्यावरून वार करायचे? खरी लढाईची तलवार साधारण एक ते दीड किलोची. जड शस्त्र एकदा फिरवलं की आवरत नाही, तोवर समोरचा काम उरकतो.

गंमत म्हणजे हा गैरसमज आपलाच नाही. युरोपातल्या जुन्या तलवारींबद्दलही लोक हेच समजत आले : अवजड लोखंड, नुसती ताकद, कौशल्य शून्य. पण १३०० च्या सुमाराचं जर्मनीतलं एक हस्तलिखित आज इंग्लंडच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. त्यात एक पाद्री शिष्याला तलवार आणि छोटी ढाल चालवायला शिकवतोय, डावामागून डाव, चित्रांसकट. म्हणजे तिकडेही तालीम होती, वस्ताद होते.

आणि ती पाती आपल्याकडे यायची. सरळ, लांब, लवचिक. मूठ इथल्या कारागिराची, पातं साहेबाकडचं, म्हणून नाव 'फिरंग'. दांडपट्ट्यालाही अशी पाती बसवत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारनं ४७ लाख १५ हजारांना घेतलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार हीच. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपातलं आणि त्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभा रघोजी भोसल्यांचं नाव, पुढं चक्क 'फिरंग' असा शब्द. तरी आपल्याकडे कुणीतरी लिहिलंच, "परदेशी पातं, मग कसली मराठ्यांची तलवार?"

अहो, ज्यानं पातं निवडलं, मूठ बसवून घेतली, वर स्वतःचं नाव सोन्यात कोरलं, त्याला ते कुठलं हे ठाऊक होतं. लपवायचं असतं तर 'फिरंग' लिहिलं असतं का? चांगलं पोलाद जिथं मिळेल तिथून घ्यायचं, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. लंडनच्या राजघराण्याकडे कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात गेलेली 'जगदंबा' तलवारही युरोपियन पात्याचीच आहे.

त्या पोराच्या सरांना आज फोन केला. आकडा चुकीचा होता, आणि तो आधी मी छापला होता, हे दोन्ही सांगितलं.