क्रीडमूर १८७४ : तीन गुणांची गोष्ट

रिग्बी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलं असेल ते जिम कॉर्बेटमुळे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्याला चांदीची पट्टी ठोकलेली .२७५ रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, ती ही. कॉर्बेटचे वाघ मात्र बऱ्याचदा अगदी हातभर अंतरावर असायचे. त्यामुळे रिग्बी घराण्याचा खरा नाद वेगळाच होता, हे कळल्यावर मला गंमत वाटली. जॉन रिग्बी हा डब्लिनचा बंदूक बनवणारा स्वतः हजार यार्डांवर नेम धरणारा गडी होता. आणि एका मॅचमध्ये तो आणि त्याच्या रायफली अवघ्या तीन गुणांनी हरल्या.

त्याआधी १८७४ च्याच उन्हाळ्यातली दुसरी एक गोष्ट. टेक्सासमध्ये अ‍ॅडोब वॉल्स इथे बिली डिक्सन नावाच्या म्हैसशिकाऱ्यानं उसन्या शार्प्स रायफलनं दूरच्या टेकाडावरचा एक घोडेस्वार पाडला. अंतर नंतर १,५३८ यार्ड सांगितलं गेलं. सगळे 'लाँग रेंज'वाले हा किस्सा चघळतात. पण खुद्द डिक्सनचं म्हणणं होतं की तो नशिबाचा बार होता. माझ्या मते तो एकटाच या प्रकरणात शुद्धीवर होता. एकदा लागलेली गोळी ही नुसती गोष्ट झाली. पंचेचाळीस वेळा लागली तर रायफल चांगली म्हणायची. आपल्याकडे नाही का, "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात, तसंच!

तर क्रीडमूर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३ मध्ये हे नेमबाजीचं मैदान सुरू झालं. त्याच वर्षी आयर्लंडच्या संघानं विंबल्डनला एल्को शील्ड जिंकली आणि अमेरिकेला आव्हान दिलं. न्यूयॉर्कच्या हौशी क्लबनं ते स्वीकारलं. आता अडचण अशी की या मंडळींना इतक्या लांबचा सराव नव्हता आणि हजार यार्डांची रायफलही नव्हती. होत्या त्या रेमिंग्टन आणि शार्प्सच्या, मागून काडतूस भरायच्या रायफली. हीच यंत्रणा घेऊन शिकारी मैदानात म्हशी मारत होते.

मग दोन्ही कंपन्यांनी शिकारी रायफल सुधारायला घेतली. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण कुणीही ताकद वाढवून प्रश्न सुटेल असं मानलं नाही. नियमानुसार वजन दहा पौंडांच्या आत आणि दुर्बीण लावायची नाही. मग मागच्या नेमपट्टीवर व्हर्नियर आलं, म्हणजे कोन बारीक मोजून पुन्हा तोच लावता येणार. पुढच्या माशीला वाऱ्यासाठी डावी-उजवी सरकण्याची सोय आणि एक इवलीशी पाणसळ, रायफल कलली तर लगेच कळावं म्हणून. गोळी लांब आणि जड, भोवती कागद गुंडाळलेला. काळ्या दारूची काजळी नळीत साठते आणि दर गोळी वेगळी वागते, त्यामुळे नळी स्वच्छ ठेवणं हाही नेमाचाच भाग.

हजार यार्डांवर एक मिनिट कोनाची चूक झाली तर गोळी साडेदहा इंच सरकते. तीन फुटांचा चौकोनी 'बुल' तिथे साडेतीन मिनिटांपेक्षाही छोटा. गोळी पोचायला जवळपास तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून शंभर फुटांहून जास्त खाली येते. वाऱ्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

२६ सप्टेंबर १८७४. सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १,००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी १५ गोळ्या, बुलला ४ गुण. आयरिश मंडळींकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. ८०० ला अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. पुढच्या दोन्ही अंतरांवर आयर्लंड सरस : ३१२ विरुद्ध ३१० आणि ३०२ विरुद्ध २९८. शेवटी कर्नल बोडाइनची एकच गोळी उरली तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. त्यात त्याच्या हातात जिंजर बिअरची बाटली फुटली आणि हात कापला. त्यानं रुमाल गुंडाळला, आडवा झाला, बार काढला. गोळी जाऊन लोखंडावरचा आवाज परत येईपर्यंत पाच-सहा सेकंद हजारो माणसं गप्प. बुल! ९३४–९३१.

पण खरी हळहळ वेगळीच. आयरिश संघातल्या मिलनरची एक गोळी झकास बुलला लागली होती, फक्त ते निशाण शेजारच्याचं होतं. गुण शून्य. ते चार मिळाले असते तर आयर्लंड ९३५. रायफलीनं आपलं काम चोख केलं होतं!

दुसऱ्या दिवसापासून "ठासणीचे दिवस संपले" असं सगळे म्हणू लागले. निव्वळ या आकड्यांवरून मी तसं म्हटलं नसतं. लांबच्या दोन्ही अंतरांवर ठासणीच पुढे होती, आणि १,०८० पैकी ३ गुणांनी काय सिद्ध होणार? पुरावा आला तो १८७५ मध्ये, डब्लिनजवळ डॉलीमाउंटला. तिथे अमेरिकेनं ९६७–९२९ असं हरवलं. घरच्या मैदानावर ३८ गुण! रिग्बीनंही पुढे ठासणीचा हट्ट धरला नाही. तो एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख झाला आणि १८९० च्या दशकात त्याच्या कंपनीनं माउझरच्या यंत्रणेवर शिकारी रायफली बांधायला घेतल्या. कॉर्बेटची त्यातलीच.

जुन्या शार्प्स-रेमिंग्टन दुरुस्त करणारे हौशी लोक आजही अमेरिकेत आहेत. जाणकार कारागीर आधी नळीतलं शिसं आणि गंज काढतो, आटे किती झिजलेत ते बघतो. नळीच्या तोंडाची कड एका बाजूला जरी घासली असेल तर गोळी तिथून निघतानाच तिरकी होते. लाकूड धातूला कुठे ढिलं बसलंय ते तो तपासतो. पॉलिश सगळ्यात शेवटी, खरं तर करतच नाही, कारण जुनी झळाळी गेली की किंमतही गेली.

क्रीडमूरचं मैदान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलं. आता तिथे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे, आणि शेजारच्या रस्त्याचं नाव विंचेस्टर बुलेव्हार्ड.