काचेत मुरलेली चांदी

हिंदमाताहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने लालबाग ओलांडून दक्षिणेस गेले की भायखळ्याचे ग्लोरिया चर्च लागते. १९११ ते १९१३ या काळात गॉथिक शैलीत उभारलेल्या या वास्तूच्या जीर्णोद्धाराची २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्मानपूर्वक नोंद घेण्यात आली. या शैलीच्या चर्चमधील काचचित्रे आपण भक्तिभावाने पाहतो. त्यांतील सोनेरी रंगामागचे शास्त्रही जाणून घेण्याजोगे आहे.

काचेला बहुतेक रंग ती वितळलेली असतानाच देतात. उदाहरणार्थ, कोबाल्टने निळा. असा तुकडा एकरंगीच राहतो. रंग बदलायचा तर दुसरा तुकडा शिशाच्या पट्टीने जोडावा लागतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील कारागिरांनी यावर उपाय योजला. त्यास 'सिल्व्हर स्टेन' म्हणतात.

यात चांदीचे संयुग मातीत कालवून काचेच्या मागील बाजूस लावतात आणि काच भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. काच वितळत नाही. मात्र तिच्यातील सोडियम वा पोटॅशियमचे आयन बाहेर पडून त्यांची जागा चांदीचे आयन घेतात. या अदलाबदलीस आयन-विनिमय म्हणतात. पुढे काचेतील लोहासारख्या घटकांकडून इलेक्ट्रॉन मिळून या आयनांचे धातूचे कण बनतात. त्यांचा आकार काही नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून काचेतून येणारा प्रकाश पिवळा दिसतो. शेवटी माती पुसून टाकतात. त्यामुळे एकाच शुभ्र तुकड्यावर संतांचा चेहरा आणि सोनेरी तेजोवलय साकारता येते. निळ्या काचेवर हीच क्रिया केल्यास हिरवा रंग मिळतो.

धातूच्या सूक्ष्म कणांचा प्रकाशाशी असलेला हा संबंध मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या कणांनी लाल झालेल्या द्रवाद्वारे दाखवून दिला. कारागिरांचे हात मात्र त्याआधी पाच शतके हे काम करीत होते.

हा पिवळा रंग लेप नसून काचेतच मुरलेला असतो, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. चेहऱ्याच्या व वस्त्रांच्या काळसर रेषा मात्र काचेच्या पृष्ठभागावर भाजून बसविलेल्या असतात. जुन्या काचांवर त्या सैल झालेल्या असू शकतात. सणापूर्वीच्या साफसफाईत आम्ल, घासणी किंवा साबणाचा जोरकस वापर केल्यास त्या कायमच्या पुसल्या जातील. तसेच फुटलेल्या काचेच्या जागी साधी काच बसवून तिला तैलरंग दिल्यास तो रंग तशी प्रभा देत नाही व कालांतराने सुटतो. म्हणून काचचित्राचे तुकडे जपून ठेवावेत व तज्ज्ञ संवर्धकाचा सल्ला घ्यावा, अशी सर्व धर्मग्रामस्थांना आमची विनंती आहे.