माहूरचा किल्ला आणि विश्वासाचा तट

महोत्सवाच्या प्रसंगीं मनुष्य सहजच मागें वळून पाहतो. वाडवडिलांनीं काय उभारलें, त्यांतील काय टिकलें आणि काय ढासळलें, हा विचार अशा वेळीं मनांत आल्यावांचून राहत नाहीं. याच विचारानें आम्ही कांहीं मंडळी एके दिवशीं सकाळीं यवतमाळहून माहूरचा किल्ला पाहण्यास निघालों. तेथें जें पाहिलें आणि पाहतां पाहतां जें सुचलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आर्णीवरून दक्षिणेस धनोड्यापर्यंत आलें म्हणजे पैनगंगा आडवी येते. अलीकडील कांठ यवतमाळ जिल्ह्याचा, पलीकडील नांदेड जिल्ह्याचा. पूल ओलांडून पुढें गेल्यावर डोंगर आणि सागाचें रान जवळ येऊं लागतें. किल्ला लगतच्या दोन टेकड्यांवर पसरलेला असून पैनगंगेनें त्यास तीन बाजूंनीं वळसा घातला आहे. निसर्गानेंच येथें खंदक खणून ठेविला होता. मनुष्यानें त्यावर फक्त तट चढविला.

हत्ती दरवाजांतून आंत जातांना आवाज आपोआप खालीं येतो. ज्या कमानीखालून एकेकाळीं पहाऱ्याचे शिपाई येणाऱ्याजाणाऱ्यास हटकीत, तेथें आतां गुराख्यासही कोणी अडवीत नाहीं. तटाच्या सांध्यांतून झाडांनीं मुळें घातलीं आहेत. आंत मोठा तलाव आहे, पडक्या इमारती आहेत, मशिदीचे अवशेष आहेत. समोरच्या शिखरांवर मात्र रेणुकामातेचें व दत्तात्रेयाचें स्थान असून तेथें यात्रेकरूंची वर्दळ कधीं थांबत नाहीं. अकबराच्या पदरीं असलेल्या अबुल फजलनेंही ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत माहूरच्या बळकट किल्ल्याबरोबर जवळच्या देवीच्या देवालयाचा उल्लेख केला आहे. किल्ला ओस पडला, वाट मात्र चालू राहिली.

असा हा भक्कम किल्ला वारंवार हातोहात कां गेला? उत्तर इतिहासांत आहे.

वऱ्हाड, तेलंगण आणि गोंडवन यांच्या सांध्यावर माहूर वसलें आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत अहमदशहा बहामनीनें तें तेथील स्थानिक राजापासून घेतलें. पुढें महमूद गावान हा बहामनी राज्याचा वजीर झाला. हा मूळचा इराणांतील गिलान प्रांताचा. विद्वान, काटकसरी व कर्तबगार. बिदर येथील प्रसिद्ध मदरसा यानेंच 1472 सालीं बांधिला. मोठाल्या सुभेदारांच्या हातीं फार बळ एकवटलें आहे हें ओळखून त्यानें राज्याच्या चार तरफांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडचे दोन भाग झाले : एक गाविलगडाचा, दुसरा माहूरचा. गाविल फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याजकडे राहिलें व माहूर खुदावंदखान हबशी याजकडे आलें. शिवाय प्रत्येक तरफदाराच्या ताब्यांत एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमण्यांत आले.

योजना शहाणपणाची होती. परंतु तीमुळें दुखावलेल्या सरदारांनीं कट रचिला. गावानची मुद्रा कपटानें मिळवून ओरिसाच्या राजास लिहिलेलें एक फितुरीचें बनावट पत्र त्यांनीं सुलतानापुढें ठेविलें. चौकशी न करितां मुहंमदशहानें 5 एप्रिल 1481 रोजीं त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. ही वार्ता ऐकतांच इमादउल्मुल्क व माहूरचा खुदावंदखान हे आपलें सैन्य घेऊन शाही छावणीपासून दूर जाऊन उतरले. सुलतानाच्या जवळ येण्यास त्यांनीं साफ नकार दिला. निरपराध वजिराची जेथें ही गति, तेथें आपली काय शाश्वति, हाच त्यांचा विचार असला पाहिजे. दहा वर्षें लोटलीं नाहींत तोंच बहामनी राज्याचे तुकडे पडूं लागले. शत्रूच्या तोफेनें नव्हे, एका खोट्या कागदानें तें राज्य खचलें!

त्यानंतर माहूरच्या वांट्यास सीमेवरच्या किल्ल्याचें नेहमींचें दैव आलें. वऱ्हाडांत इमादशाही उभी राहिली. 1574 सालीं अहमदनगरकरांनीं ती गिळिली. 1596 सालीं वऱ्हाड मोगलांकडे गेलें. 1623 सालीं बापाविरुद्ध उठलेला शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान, पळतां पळतां या मुलखांत आला, आणि आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यांत उदाजीरामाच्या स्वाधीन करून गोवळकोंड्याकडे निघून गेला. ज्याचा सख्ख्या बापावर विश्वास उरला नव्हता, त्यास सीमेवरच्या एका सरदारावर तो ठेवावा लागला.

याच माहूरच्या देशमुख घराण्यांतील सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबानें प्रसिद्ध झाली. 1661 सालीं ती मोगलांचा सरदार कारतलबखान याजबरोबर कोंकणांत उतरत असतां उंबरखिंडींत शिवाजी महाराजांनीं त्यांस कोंडिलें. तेव्हां व्यर्थ हट्ट सोडून शरण जावें, असा सल्ला तिनें खानास दिला. महाराजांनीं खंडणी घेऊन त्यांस वाट दिली व पुष्कळांचे प्राण वांचले. ती आपल्या पक्षाची नव्हती म्हणून तिचें धैर्य व शहाणपण आपण विसरावें काय?

पुढें हा मुलूख निजामाकडे गेला. 1853 सालीं वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं आलें, आणि पैनगंगेचा एक कांठ इंग्रजी तर दुसरा निजामी झाला. 1948 सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. 1960 सालापासून दोन्ही कांठ एकाच महाराष्ट्र राज्याचे आहेत. आपल्या धर्मप्रांतांची सीमाही अशीच हललेली आहे. 1955 सालीं अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. 1977 सालीं त्यांतून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. यवतमाळचे लोक पहिल्यांत मोडतात, नांदेडचे दुसऱ्यांत. परंतु येथें कोणीं तट बांधिला नाहीं, कीं पहारा बसविला नाहीं. दोन्ही कांठांची प्रार्थना एकच आहे.

संध्याकाळीं परततांना पुलावरून मागें पाहिलें, तों मावळत्या उन्हांत तट तांबूस दिसत होता. त्याचे दगड अद्याप पुष्कळ शिल्लक आहेत. तुटला होता तो माणसामाणसांतील विश्वास, आणि दगड त्यानंतर ढासळले. वाचकहो, वाडवडिलांनीं आपणांस ज्या भिंती बांधून दिल्या त्यांची डागडुजी आपण करीतच राहूं. परंतु एखादा बनावट कागद, एखादी ऐकीव चहाडी कानीं आली असतां, चौकशी केल्यावांचून आपल्या माणसावर हात उगारावयाचा नाहीं, एवढी गोष्ट माहूरच्या तटापाशीं शिकलों तरी आमचा प्रवास सार्थकीं लागला असें म्हणूं.