पायमोज्यांची भेट

भेटीच्या वस्तूंची प्रतवारी लावावयाची झाल्यास पायमोज्यांस वरची जागा कोणी देईल असें वाटत नाहीं. शालजोडी अंगावर पडली म्हणजे चारचौघांत शोभा येते. पुस्तक दिलें म्हणजे देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या रसिकतेचा परस्पर गौरव होतो. चांदीचें भांडें फडताळांत मिरवतें. पायमोजा बिचारा जोड्याच्या आंत अंधारांत राहावयाचा, आणि तोही शरीराच्या अगदीं खालच्या मानलेल्या भागाच्या सेवेस! असें असतांही थंडीच्या पहांटे नव्या लोकरीच्या मोज्यांत पाय घालतांना जें निर्मळ सुख होतें, तें शालजोडीनें होतें काय, हा प्रश्न वाचकांनीं आपल्या मनास प्रामाणिकपणें विचारावा. आम्हीं तो विचारिला, आणि उत्तर शोधतां शोधतां थेट रोमन बादशाहीपर्यंत जाऊन पोहोंचलों. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. आमचा 'मोजा' फारशींतून आला; परंतु फारशींत तो शब्द चामड्याच्या उंच बुटाचा वाचक होता. आमचा 'मोची' देखील मुळांत त्याच इराणी कुळांतला असावा असें भाषाकोविद मानतात. इंग्रजी 'सॉक' या शब्दाची कथा हुबेहूब अशीच आहे. लॅटिन भाषेंत 'सोक्कस' म्हणजे एक हलका, सपाट जोडा. रंगभूमीवर शोकनाट्याचे नट उंच बूट घालीत व विनोदी नाटकाचे नट हा सोक्कस घालीत. त्यामुळें पुढें इंग्रजी काव्यांत 'सॉक' म्हणजे प्रहसन असा लाक्षणिक अर्थही रूढ झाला. दोन दूरच्या भाषांत एकाच वस्तूचें नांव याप्रमाणें बाहेरून आंत आणि चामड्याकडून लोकरीकडे सरकलें. पायास नुसतें संरक्षण पुरत नाहीं, त्यास मऊपणाही हवा असतो, हें मनुष्यास उशिरां सुचलें असावें.

तथापि फार उशिरां नव्हे. मिसर देशांत नाईल नदीकांठीं अँटिनोपोलिस या नगरीच्या जागीं १९१३-१४ सालीं उत्खनन झालें, तेव्हां तेथील उकिरड्यांत एका लहान मुलाचा डाव्या पायाचा मोजा सांपडला. तो इसवी सनाच्या तिसऱ्या किंवा चौथ्या शतकांतील असून सध्यां लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. पट्ट्याच्या वहाणेंत घालतां यावा म्हणून आंगठ्यास त्यांत निराळें घर ठेविलें आहे. दोन सुयांवर विणण्याची कला तेव्हां अवगत नव्हती; एकाच सुईनें टांक्यांत टांका गुंतवून तो घडविला आहे. २०१८ सालीं त्या संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या प्रकाशांत त्याचीं छायाचित्रें घेऊन रंगांची तपासणी केली. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा तांबडा, वोड नांवाच्या झाडाचा निळा व वेल्ड नांवाच्या रोपाचा पिवळा, या तीनच रंगांच्या मिश्रणांतून त्या रंगाऱ्यानें अनेक छटा साधिल्या होत्या व त्यांचे पट्टे त्या चिमुकल्या मोज्यावर ओळीनें घातले होते. मूल वाढतें, चार-सहा महिन्यांत तो मोजा पायांत जाईनासा होणार, हें विणणारास ठाऊक नव्हतें काय? उबेसाठीं एक रंग पुरला असता. बाकीचे सगळे पट्टे केवळ आनंदाचे आहेत.

आतां भेटीची गोष्ट. इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीवर विंडोलांडा येथें रोमन सैन्याचा एक तळ होता. तेथील ओल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलांत लांकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें टिकून राहिलीं. त्यांपैकीं पहिलीं रॉबिन बर्ली यांस १९७३ सालीं सांपडलीं. इसवी सन १०० च्या सुमाराचीं हीं पत्रें आहेत. त्यांतल्या एका फाटक्या तुकड्यावर कोणी एकजण तळावरील माणसास कळवितो कीं, तुला सत्तुआकडून आणलेले मोजे पाठविले आहेत, शिवाय वहाणांचे दोन जोड व आंतल्या चड्ड्यांचे दोन नग. पुढें मित्रमंडळीस नमस्कार सांगितले आहेत. मोजे किती होते तो आंकडा तुटून गेला आहे. पाठविणाराचें नांव गेलें आहे. घेणाराचेंही गेलें आहे. राहिली आहे ती एवढीच गोष्ट, कीं दूर थंडींत असलेल्या कोणाचे तरी पाय कोणास तरी आठवले.

हें वाचतांना आम्हांस आमच्या नाशिकच्या लेण्यांतला उषवदाताचा शिलालेख आठवला. नहपान क्षत्रपाचा हा जांवई पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. त्यानें भिक्षूंस वस्त्रें मिळावींत म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें कायमचे ठेविले. वर्षाचें व्याज २४० कार्षापण. त्यांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा मिळावयाचे. हिशेब चोख आहे, आणि दान थोर आहे याविषयीं वाद नाहीं. दात्याचें नांव दगडांत कोरलेलें असल्यामुळें तें आज आम्ही जाणतों. परंतु लेण्यांतल्या त्या वीस भिक्षूंपैकीं एकाचेंही पाऊल दात्याच्या डोळ्यांपुढें असण्याचें कारण नव्हतें. मोजे पाठविणारास मात्र पाऊल पाहिलेलें असावें लागतें. दान पुण्यासाठीं होऊं शकतें. भेट माणसासाठींच होते.

रोममध्येंही मोजे भेट देण्याची चाल होती. मार्शल या कवीनें इसवी सन ८५ च्या सुमारास, सॅटर्नेलिया सणाच्या भेटींबरोबर जोडावयाच्या द्विपदींचा एक संग्रहच रचिला. त्यांत सिलिशिया प्रांतांतल्या बोकडाच्या केंसांच्या मोज्यांवर एक द्विपदी आहे. बोकडाच्या वासाचा उल्लेख करण्यासही तो चुकत नाहीं.

यानंतर दीड हजार वर्षांनीं एलिझाबेथ राणीच्या दरबारीं यावें. तिच्या कारकीर्दीच्या आरंभीं, १५६० च्या सुमारास, रेशमी वस्त्रें पुरविणाऱ्या मिसेस माँटेग्यू यांनीं नववर्षाची भेट म्हणून तिला काळ्या रेशमाच्या विणलेल्या मोज्यांचा जोड दिला, असें जुन्या बखरकारांनीं नमूद केलें आहे. तोंपर्यंत कापड बेतून शिवलेले मोजे वापरीत. विणलेल्याचें सुख कळल्यावर राणीनें शिवलेले मोजे कायमचे सोडले म्हणतात. त्याच राणीच्या राज्यांत, १५८९ सालीं, नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गांवच्या विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र शोधून काढिलें. हातानें विणून पोट भरणाऱ्या गरिबांच्या तोंडचा घांस जाईल, म्हणून राणीनें त्यास एकाधिकाराची सनद नाकारली, अशी दंतकथा आहे. ली फ्रान्सला गेला. तेथें चौथ्या हेन्रीचा आश्रय मिळाला, तों १६१० सालीं हेन्रीचाच खून झाला, आणि पुढें थोड्याच वर्षांत ली परदेशीं मरण पावला. त्याच्या भावानें यंत्रें परत इंग्लंडांत आणिलीं.

राणीची भीति खरी ठरली, पण निराळ्या रीतीनें. दोन शतकांनंतर त्या यंत्रावर राबणारे विणकरच उपाशी मरूं लागले. युद्धामुळें बाहेरची गिऱ्हाइकी तुटली, मजुरी उतरली, यंत्राचें भाडें मात्र मालकास द्यावेंच लागे. त्यांत कांहीं व्यापाऱ्यांनीं रुंद विणलेलें कापड कापून व शिवून स्वस्त मोजे काढण्याचा सपाटा लाविला. ते लवकर उसवत, आणि चांगल्या मालाचीही पत जाई. १८११ सालीं विणकरांनीं यंत्रें फोडण्यास आरंभ केला. १८१२ सालीं पार्लमेंटानें यंत्रें फोडणारास फांशीची शिक्षा ठरविली; २७ फेब्रुवारी रोजीं लॉर्ड बायरननें उमरावांच्या सभेंतलें आपलें पहिलें भाषण या कायद्याविरुद्ध केलें, पण कायदा झालाच. या दंगलींची गोष्ट सांगतांना भाकरीचा प्रश्न सगळे सांगतात, व तो खराच आहे. परंतु आपल्या हातून वाईट मोजा जगांत जाऊं नये हाही त्या माणसांचा हट्ट होता, हें विसरतां कामा नये.

चांगला मोजा ही चैन नव्हे, हें पहिल्या महायुद्धानें सिद्ध केलें. १९१४ च्या हिंवाळ्यांत खंदकांतल्या गार पाण्यांत दिवसचे दिवस उभे राहून सैनिकांचे पाय बधिर होत, सुजत व सडत. फ्रान्समध्यें उतरलेल्या हिंदी पलटणींनींही तो हिंवाळा त्याच चिखलांत काढिला. औषध फारसें नव्हतें. पाय कोरडे करावे, देवमाशाचें तेल चोळावें, कोरडे मोजे घालावे, आणि सोबत्याचे पाय तपासावे, असे हुकूम सुटले. त्याच वर्षीं राणी मेरीनें स्त्रियांस ३,००,००० जोड मोजे विणण्याची विनंति केली होती. ते कोणाच्या पायांत जाणार हें विणणारीस कळत नव्हतें, पण पाय थंडींत आहेत हें कळत होतें.

इतकें लिहून झाल्यावर स्वतःविषयीं न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. आम्ही पुण्यास वसतिगृहांत राहून शिकत असतां आमच्या आत्याबाईंनीं साताऱ्याहून एक जोड विणून पाठविला. घरांतल्या मुलांच्या स्वेटरांतून उरलेली लोकर. त्यामुळें टाच तपकिरी, घोटा हिरवा, आणि वर एक गुलाबी पट्टा. खोलींतले सोबती हंसले. आम्हीं तो जोड ट्रंकेच्या तळाशीं ठेविला, आणि 'मोजे फार उबदार आहेत' असें पत्र लिहिलें. दिवाळीस घरीं गेलों. इंग्रज गृहस्थाच्या मोज्याचें गुपित जोड्यांत झांकून राहतें. आमचे जोडे उंबऱ्याबाहेर निघतात. आत्याबाईंनीं आमच्या पायांतले दुकानचे काळे मोजे पाहिले आणि म्हणाल्या, "बसले नाहींत वाटतं रे तुला? आण, उसवून पुन्हां घालून देतें." मोजे आवडले नसतील ही शंका त्यांस शिवली नाहीं, आपलें माप चुकलें एवढेंच त्यांस वाटलें. आम्हीं "बसतात, आत्या" इतकेंच म्हटलें, आणि तें खरें कीं खोटें हें आम्हांसही ठाऊक नव्हतें, कारण ते आम्हीं घालून पाहिलेच नव्हते.

आत्याबाई गेल्यावर पुष्कळ वर्षांनीं ट्रंक उघडली. एक मोजा कसरीनें खाल्ला होता. दुसरा पायांत घातला. तो बरोबर बसला.

विंडोलांडाच्या त्या शिपायानें आपले मोजे घातले कीं नाहीं, हें कोणत्याही पत्रावरून कळावयाचें नाहीं. त्यानें घातले असावेत, अशी आमची इच्छा आहे. वाचकांपैकीं कोणास या हिंवाळ्यांत मोज्यांची भेट आली, तर रंगाचा विचार न करितां तो जोड त्याच दिवशीं पायांत घालावा, आणि मगच पत्र लिहावें.