पेडल खाली का जातं? एका जुन्या पद्मिनीचे ब्रेक आणि त्यामागचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, लोकलच्या गर्दीत इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात सायनच्या सिग्नलवर होते.

गेल्या मे महिन्यात आत्येबहिणीचं लग्न होतं, साताऱ्याला. बाबांचा हट्ट होता की जायचं तर आपल्या पद्मिनीनेच. ही गाडी आजोबांनी घेतलेली, १९७८ ची. बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान. निघायच्या चार दिवस आधी मी ती जरा फिरवून आणायला बाहेर काढली. सिग्नलला उभा होतो, ब्रेकवर पाय दाबलेला होता, आणि पेडल सावकाश खाली जायला लागलं. झटका नाही, आवाज नाही. लिफ्ट उतरते ना, तसं. मी घाबरून दोनदा पंप केलं, तर पेडल परत वर आलं.

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे, जुनी गाडी आहे. पंप करून चालवायची. आम्ही वर्षानुवर्षं तशीच चालवली."

साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकी घाट लागतो. गाडीत आई, आजी आणि लग्नाचं सामान असणार. मी गाडी थेट आमच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "पेडल स्पंजसारखं लागतं, का हळूहळू बसतं?"

तेव्हा मला या प्रश्नाचं वजन कळलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की ब्रेकचा प्रत्येक बिघाड म्हणजे इतिहासात कुणीतरी आधी झुंजलेला एक प्रश्न आहे.

पहिली दुरुस्ती मोच्याने केली

ऑगस्ट १८८८, जर्मनी. बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर साधारण १०० किलोमीटर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास तोवर कुणी केलेला नव्हता. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. उतारावर ते झिजायला लागले, पकड जायला लागली. बर्थाबाईंनी वाटेतल्या एका गावात मोच्याला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ब्रेक लायनिंग म्हणतो त्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या माणसाने याच कल्पनेचा धंदा केला. १८९७ मध्ये त्याने सुरू केलेलं काम पुढे फेरोडो या नावाने जगभर गेलं. चामडं आणि कापड मागे पडलं, त्यांच्या जागी उष्णता सोसणारं ॲस्बेस्टॉस आलं. त्याची किंमत मेकॅनिक लोकांच्या फुप्फुसांनी मोजली. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडला तर आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

बर्थाबाईंचा बिघाड आजही होतो. लायनिंग झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. मग पेडल बरंच खाली गेल्यावर ब्रेक लागतो, पण तिथे तो घट्ट असतो. अजून दुर्लक्ष केलं तर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. आमचं पेडल तसं नव्हतं. ते घट्ट लागायचं आणि मग बसायचं.

दांडे गेले, तेल आलं

सुरुवातीच्या गाड्यांत पायाचा जोर चाकापर्यंत दांड्यांनी आणि तारांनी पोचायचा. चारही चाकांना सारखा जोर मिळणं हे मोठं दुखणं होतं. एक तार सैल झाली की गाडी एका बाजूला ओढायची.

अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने यावर तेलाचा उपाय काढला. (विमानांच्या लॉकहीड कंपनीतल्या दोन भावांपैकी हा एक.) त्याला १९१७ मध्ये पेटंट मिळालं. तत्त्व शाळेतलंच, पास्कलचा नियम. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले.

आता यातून निदान कसं होतं बघा. तेलाचा दाब सगळीकडे सारखा असेल आणि तरी ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोष बहुतेक वेळा चाकापाशी असतो. व्हील सिलिंडर जाम झाला असेल, लायनिंगवर तेल सांडलं असेल किंवा तिथला होज आतून बंद झाला असेल. आणि गाडी ज्या बाजूला ओढते ते चाक सहसा चांगलं असतं! उजवीकडे ओढली तर आधी डावं चाक उघडा.

दुसरी गोष्ट, तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा शिरली की पेडल स्पंजसारखं लागतं. काकांच्या प्रश्नातला पहिला अर्धा भाग हा. अशा वेळी हवा काढायची आणि ती शिरली कुठून तेही शोधायचं.

रबराचा तो छोटा कप

लॉकहीडच्या सुरुवातीच्या रचनेत तेल अडवायला चामड्याचे कप होते, आणि ते गळायचे. १९२४ मध्ये क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबराचे कप बसवले, तेव्हा कुठे ही पद्धत भरवशाची झाली. आजही मास्टर सिलिंडरमध्ये हेच काम रबर करतं.

काकांनी बाटलीतल्या तेलाची पातळी बघितली, ती ठीक होती. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, कोरडं. मग मला म्हणाले, "बस आत. हळू दाब आणि धरून ठेव." पेडल गेलं खाली. "आता जोरात दाब." पेडल टिकलं.

म्हणजे तेल बाहेर कुठेच गळत नव्हतं. ते मास्टर सिलिंडरच्या आतच, कपाच्या कडेने मागे सरकत होतं. जोरात दाबलं की रबर भिंतीला चिकटतं आणि तेल अडतं. हळू दाबलं की तेल निसटतं. "पंप करून चालवायची" या सल्ल्यातला धोका इथे आहे. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणून आपल्याला वाटतं ब्रेक ठीक आहे. प्रत्यक्षात तो कप रोज थोडा थोडा जात असतो.

सगळं एका नळीवर

आमच्या गाडीत मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाचा मार्गही एकच. त्या काळच्या पुष्कळ गाड्या अशाच होत्या. एके ठिकाणी बिघडलं की चारही चाकं गेली. १९६० च्या दशकात दोन स्वतंत्र मार्गांची पद्धत पसरली आणि अमेरिकेत १९६८ पासून ती सक्तीची झाली. एक मार्ग गेला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. तुमच्या आजच्या गाडीत हे असतंच. आमच्या पद्मिनीत नाही.

त्यात घाट. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून लांब जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणीही शोषतं. ताजं डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची.

मग आमच्या गाडीचं काय झालं?

काकांनी मास्टर सिलिंडर खोलला. तेल चहासारखं तपकिरी. आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे, आणि त्यांनी खरवडलेला कप. मी म्हटलं, "रबर किट बदलून चालेल ना?" काका म्हणाले, "नवा कप याच खड्ड्यांवर घासणार. चार महिन्यांत परत येशील. आलास तर."

दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. ते तेल शेवटचं कधी बदललं, हे घरात कुणालाच आठवेना. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदलायची ती गोष्ट.

पूर्ण मास्टर सिलिंडर शोधण्यात आठवडा गेला. लग्नाला आम्ही एसटीने गेलो. बाबा वाटेत फारसं बोलले नाहीत. घाट उतरताना मात्र खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांना घेऊन याच घाटातून किती वेळा गेलोय मी. पंप करत."

जूनमध्ये गाडी तयार झाली. काकांनी पेडल दाबायला बाबांनाच बसवलं. अर्धा मिनिट पाय दाबून धरला, पेडल जागचं हललं नाही. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी एवढं तरी करून बघा. गाडी सपाट जागी उभी करा, बाटलीतलं तेल बघा, पेडल हळू दाबून अर्धा मिनिट धरा. खाली गेलं, तर गाडी तिथेच राहू द्या आणि मेकॅनिकला घरी बोलवा.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची गोष्ट मला जरूर सांगा. भेटू पुढच्या भागात.